ऐकणाऱ्याचा शब्द

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यूंचं एक प्रार्थनागृह होतं. इतकं मोठं, की पुढे उभ्या माणसाने म्हटलेली प्रार्थना मागच्या रांगांना ऐकूच येत नसे. तालमूद या ज्यूंच्या ग्रंथात त्याचं वर्णन चांगलं रंगवून केलेलं आहे. खांबांच्या दुहेरी ओळी. एकाहत्तर ज्येष्ठांसाठी सोन्याच्या एकाहत्तर खुर्च्या. सोनार एकीकडे, लोहार एकीकडे, विणकर आणखी एकीकडे, असे लोक धंद्यावार बसत. परगावचा गरीब कारागीर आला, की आपल्या धंद्यातल्या लोकांत जाऊन बसे आणि तिथेच त्याच्या पोटापाण्याची सोय लागे. मधोमध लाकडी ओटा. त्यावर प्रार्थनागृहाचा सेवक हातात मोठं फडकं घेऊन उभा. प्रार्थनेचा एकेक भाग संपला, की तो फडकं हलवी, आणि काहीही ऐकू न आलेली ती सगळी गर्दी एका आवाजात म्हणे, ‘आमेन’.

सोन्याच्या खुर्च्या मी फारशा मनावर घेत नाही. फडकं मात्र खरं असणार. अशी गोष्ट कोणी शोभेसाठी रचत नाही. गणपतीच्या मंडपात अगदी मागे, चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून आरती केलेल्या कोणालाही ते पटेल. पुढे काय चाललंय ते धड कळत नाही, पण कोणाचा तरी हात वर गेलेला दिसतो आणि ‘मोरया’ आपल्या तोंडून बरोबर वेळेवर निघतो.

पण एका शब्दासाठी एवढा आटापिटा कशाला? ऐकू आलं नाही तर गप्प बसावं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्या मुलांना आमेनचा अर्थ पक्का ठाऊक होता: ‘झालं, आता बसा.’ बाकांचा खडखडाट हा आमच्या दृष्टीने त्या शब्दाचाच एक भाग होता. सिनेमातही तेच. पाद्री पुस्तक मिटतो, आमेन म्हणतो, पुढचं दृश्य सुरू. पूर्णविरामासाठी मात्र कोणी ओटा बांधून फडकं हलवायला माणूस ठेवत नाही. या शब्दाचं काम काहीतरी वेगळं असलं पाहिजे.

हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूतून फुटतात. आमेनची तीन व्यंजनं म्हणजे आलेफ, मेम आणि नून. धातूचा अर्थ भक्कम असणं, भार टाकला तरी न ढळणं. या घराण्यातली माणसं पाहावीत. जेरुसलेमच्या मंदिराच्या दाराचे खांब ‘ओमनोत’. मूल अंगाखांद्यावर वागवणारी दाई ‘ओमेनेत’. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत म्हातारी नामी बाळाला उराशी घेते आणि त्याची ओमेनेत होते. सत्य ‘एमेत’, तोही याच कुळातला. आणि श्रद्धा म्हणजे ‘एमुना’.

या एमुनेची बायबलमधली एक जागा मला फार आवडते. अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. इस्राएली लोकांचा नेता मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असतील तोवर इस्राएली लोकांची सरशी, खाली आले की शत्रूची. पण माणसाचे हात किती वेळ वर राहणार? ते भरून येतात. मग लोक त्याला बसायला एक धोंडा आणून देतात आणि अहरोन व हूर दोन्ही बाजूंना उभे राहून त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले असं मूळ हिब्रूत सांगितलं आहे, आणि त्या ‘स्थिर’च्या जागी शब्द आहे एमुना. पुढे ज्याचा अर्थ श्रद्धा झाला, तो शब्द इथे दुखऱ्या दंडांबद्दल वापरलेला आहे. तेही दोघांनी टेकू दिल्यामुळे वर राहिलेल्या.

हिब्रूची सख्खी बहीण अरबी. तिच्यातही हाच धातू आहे, आणि तिथून फारसीच्या खांद्यावर बसून तो आपल्याकडे केव्हाच आला. इमान, इमानदार, बेइमान, अमानत, जमीन मोजायला येणारा सरकारी अमीन, सगळे त्याचेच. ‘इमानेइतबारे नोकरी केली’ असं निवृत्तीच्या भाषणात म्हणणारे गृहस्थ आमेनच्याच एका भाऊबंदाला साक्षीला बोलावत असतात. सगळ्यांत गंमत अनामतीची. अमानत या शब्दात ‘म’ आणि ‘न’ यांनी मराठीच्या तोंडात जागा बदलल्या आणि अनामत तयार झाली. म्हणजे निवडणुकीत एखाद्या उमेदवाराची अनामत जप्त होते तेव्हा सरकारजमा होणारी वस्तू भाषेच्या हिशेबाने श्रद्धेची चुलत बहीण असते.

आता आमेनकडेच येऊ. १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, यावनेजवळच्या एका जुन्या गढीत उत्खनन चालू असताना शाईने लिहिलेल्या खापराचे तुकडे सापडले. जोडले तेव्हा चौदा-एक ओळींचा मजकूर हाती आला. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाची अखेर. मजकूर कोणा राजाचा किंवा पुरोहिताचा नाही. शेतात कापणी करणाऱ्या एका मजुराचा तो अर्ज आहे, गढीच्या अधिकाऱ्याला केलेला. मजूर सांगतो, मी माझं ठरलेलं काम पुरं केलं, धान्य भरून ठेवलं, आणि तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं अंगावरचं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सगळे भाऊ साक्ष देतील. आणि मग तो शब्द येतो: आमेन, मी निर्दोष आहे. माझं वस्त्र परत करा.

बायबलबाहेर हाती लागलेल्या अगदी जुन्या आमेनांपैकी हा एक. आणि तो प्रार्थनेत नाही, तक्रारीत आहे. आपला मजूर ‘देवाशप्पथ’ म्हणेल, त्या जागी हा आमेन म्हणतो. त्याचं वस्त्र परत मिळालं का? खापर तिथे तुटलेलं आहे. गहाण म्हणून घेतलेलं गरिबाचं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करावं, असा नियम बायबलमधल्या कायद्यात आहे, कारण रात्री तो दुसरं काय पांघरणार. तो नियम पुस्तकात सुरक्षित राहिला आणि माणूस खापरावर.

बायबलमध्येही आमेन पहिल्यांदा भेटतो तो काही फार गोड प्रसंगी नाही. गणना नावाच्या पुस्तकात, नवऱ्याला जिचा संशय आला आहे अशा बाईला पुरोहितासमोर उभं करतात. पुरोहित तिला कडू पाणी प्यायला देतो आणि शाप वाचतो: तू दोषी असशील तर तुझ्या पोटात हे पाणी असं असं करील. बाईने त्यावर दोनदा म्हणायचं, ‘आमेन, आमेन’. पहिला आमेन असा एका एकट्या बाईकडून वदवून घेतलेला आहे, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं होतं. अनुवाद या पुस्तकात मग अख्खं राष्ट्र तेच करतं. बारा शाप एकामागून एक वाचले जातात, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला शाप, शेजाऱ्याची शेताची हद्द सरकवणाऱ्याला शाप, आणि प्रत्येकावर सगळे लोक आमेन म्हणतात. बांध सरकवणाऱ्याचा शाप महाराष्ट्रात आजही बिनचूक लागू पडेल. आमेन म्हणायला किती जण पुढे येतील ते मात्र सांगवत नाही.

या सगळ्या जागा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट नजरेत भरते. बोलणारा एक आणि आमेन म्हणणारा दुसरा. पुरोहित बोलतो, बाई आमेन म्हणते. वाचणारे वाचतात, लोक आमेन म्हणतात. दावीद राजा शलमोनाला गादी देतो, राजाच्या अंगरक्षकांचा नायक आमेन म्हणतो. मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची. मी हे ऐकलं, ते मला लागू आहे, त्याचा भार माझ्यावर टाकलात तरी मी ढळणार नाही, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत बसतं.

आणि सही म्हटली की खोचक सहीही आली. यिर्मया संदेष्टा बाबिलोनच्या गुलामगिरीचं चिन्ह म्हणून गळ्यात लाकडी जू अडकवून हिंडत होता. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा भर मंदिरात म्हणाला, दोन वर्षांत बाबिलोनचं जू मोडेल आणि लुटून नेलेली भांडी परत येतील. लोकांना ऐकायला आवडेल असंच ते होतं. यिर्मयाला ते खोटं ठाऊक होतं. त्याने उत्तर काय दिलं? ‘आमेन!’ परमेश्वर तसंच करो, तुझ्या तोंडात साखर पडो, पण... आणि त्या ‘पण’नंतर तो जे बोलला त्यात हनन्याची सगळी हवा निघून गेली.

ज्यू धर्मपंडितांनी या ऐकणाऱ्याच्या शब्दाचे जे नियम केले, ते वाचताना मला एखाद्या कसलेल्या गायकाच्या तालमीची आठवण होते. प्रार्थना म्हणणाऱ्यापेक्षा आमेनचा आवाज चढता कामा नये. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत घाईने म्हटलेला आमेन ‘हिसकावलेला’. शेवटचं अक्षर गिळून म्हटलेला ‘तोडलेला’. आणि कशावर म्हणतोय हे न ऐकता, न जाणता म्हटलेला आमेन ‘अनाथ’. आईबाप माहीत नसलेला शब्द! मग अलेक्झांड्रियाच्या त्या हजारो लोकांचं काय, फडकं पाहून म्हणणाऱ्यांचं? त्यांचे सगळे आमेन अनाथच की. ही शंका जुन्या पंडितांनाही आली, आणि त्यांनी तोडही काढली: आवाज ऐकू येत नसला तरी आत्ता कुठली प्रार्थना चालू आहे हे त्यांना माहीत होतं, तेवढं पुरे.

स्वतःच्याच प्रार्थनेवर आमेन म्हणावं का, यावरही वाद झाला आहे. एक वचन म्हणतं ते स्तुत्य, दुसरं म्हणतं ते लाजिरवाणं. शेवटी मिटवामिटव अशी झाली, की जेवणानंतरच्या प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव येतं त्या एका ठिकाणी चालेल, एरवी नको. त्या जागेबद्दल तालमूदमध्ये एक फार घरगुती नोंद आहे. आबाये नावाचे पंडित तिथला आमेन मुद्दाम मोठ्याने म्हणत. कारण? जेवायला बसलेल्या मजुरांना कळावं, की सक्तीचा भाग संपला, आता उठून कामाला लागा. आमच्या शाळेतला ‘आता बसा’ आणि आबायेंचा ‘आता उठा’, दोन्ही एकाच शब्दाने साधलं.

बाकी सगळीकडे मात्र आमेन दुसऱ्यानेच द्यायचा. एक रब्बी तर म्हणून गेले, की आशीर्वाद म्हणणाऱ्याहून आमेन म्हणणारा मोठा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणून ती उचलून धरतात. ते नसतील तर शाहीर एकटा ओरडणारा माणूस होतो. गोष्ट सांगणाऱ्या आजीला मध्ये मध्ये ‘हं’ लागतो. हुंकार थांबला की ती विचारते, झोपलास का रे?

ख्रिस्ती धर्मात हा शब्द येताना एक उलथापालथ झाली. येशू आमेन वाक्याच्या आरंभी ठेवतो. ‘आमेन, मी तुम्हांला सांगतो’ असं. दुसऱ्याच्या बोलण्यावर देण्याची सही त्याने स्वतःच्याच बोलण्याच्या आधी केली. त्या काळच्या ऐकणाऱ्यांना ते कानाला चांगलंच टोचलं असणार. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो पंचवीस वेळा, आणि दर वेळी दुहेरी येतो. मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरकारांनी तिथे ‘खचित खचित’ हे शब्द घेतले. निवड सुरेख आहे. ‘खचित’ म्हटलं की मला रत्नखचित आठवतं, कोंदणात घट्ट बसलेला खडा. खचण्याशी त्याचा संबंध लागू नये एवढीच प्रार्थना.

प्रार्थनेच्या शेवटच्या आमेनला मात्र भाषांतरकारांनी हात लावला नाही. म्हणजे प्रयत्न झाले. हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर ख्रिस्तापूर्वीच झालं, तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘असं होवो’ या अर्थाचा ग्रीक शब्द घातला होता. फ्रेंच कॅथलिक लोकांच्या घरगुती प्रार्थनाही पिढ्यान्‌पिढ्या ‘असंच होवो’ या फ्रेंच शब्दांनी संपत. दोन्हीकडे शेवटी आमेनच जिंकला. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिन यांनी लिहून ठेवलं आहे, की आमेन आणि आलेलुया यांचं भाषांतर करता आलं असतं, पण त्यांच्या पावित्र्यासाठी ते तसेच ठेवले. त्यांचेच समकालीन संत जेरोम सांगतात, की रोमच्या चर्चांत आमेन आकाशातल्या मेघगर्जनेसारखा घुमतो. वसईच्या चर्चांतही हा इतिहास घडून गेला. १९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये असे. नंतर ती मराठीत आली, वेदीपासून दारापर्यंत सगळे शब्द बदलले, आणि जुन्या आज्यांना पहिल्या दिवसापासून बिनचूक म्हणता आला असेल असा एक शब्द जागच्या जागी राहिला.

इजिप्तमधले जुने ख्रिस्ती तर तो शब्द आकड्यातही लिहीत. ग्रीक अक्षरांना संख्यांची किंमत असते: आल्फा १, म्यू ४०, एटा ८, न्यू ५०. बेरीज ९९. पपायरसवरच्या कित्येक खाजगी पत्रांवर ही नव्व्याण्णवची खूण सापडते, शब्द नाही, नुसता आकडा. मुंबईच्या टॅक्सीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर ७८६ पाहिलेल्या माणसाला याचं काय नवल! तिथे अरबी अक्षरांची बेरीज करून बिस्मिल्ला लिहिलेलं असतं. ज्यूंच्या हिशेबाने आमेनची किंमत ९१ येते, आणि देवाच्या दोन नावांची, २६ आणि ६५ यांची, बेरीजही तेवढीच भरते. अशा बेरजांनी काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तरी मी त्या वहीच्या कोपऱ्यात करून पाहिल्याच.

या निमित्ताने दोन-तीन खोटी नाती तोडून टाकायला हवीत. प्राचीन इजिप्तच्या आमून देवाशी आमेनचा संबंध नाही. आमूनचा अर्थ ‘गुप्त’ आणि धातूच निराळा. आपल्या ओंकाराशीही व्युत्पत्तीचं नातं नाही. मात्र छांदोग्य उपनिषद ओम्‌ला अनुमतीचं अक्षर म्हणतं, माणूस एखाद्या गोष्टीला होकार देतो तेव्हा ओम् म्हणतो असं सांगतं, ते वाचून दचकायला होतं. घराणी वेगळी, पेशा तोच. आणि इंग्रजीतल्या पुरुषवाचक ‘मेन’शी तर त्याचा काडीइतकाही संबंध नाही. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात इमॅन्युएल क्लीव्हर या सदस्यांनी प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ला जोडून ‘आवुमन’ असं म्हटलं. त्यांनी ती कोटी केली होती म्हणे. हिब्रू व्याकरणाने मान खाली घातली असेल.

अरबीत हा शब्द ‘आमीन’ झाला आणि त्याचा रोखही किंचित बदलला. कुराणाच्या पाठात तो नाही, पण पहिला अध्याय, फातिहा, म्हणून झाला की नमाज पढणारे आमीन म्हणतात. अरबी व्याकरणकार त्याचा अर्थ लावतात: देवा, कबूल कर. हिब्रूतला ‘हे पक्कं आहे’ इथे ‘हे ऐक’ झाला. आणि एक हदीस सांगते, की त्याच क्षणी फरिश्तेही आमीन म्हणत असतात; ज्याचा आमीन त्यांच्या आमीनशी जुळला, त्याचे मागचे गुन्हे माफ होतात.

न दिसणारा कोणीतरी आपल्याबरोबर तो शब्द म्हणतो आहे, ही कल्पना मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या स्वयंपाकघरात. ‘घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ डबा रिकामा झाला तरी ‘संपलं’ म्हणायचं नाही, ‘वाढलंय’ म्हणायचं. तालमूदमधली गोष्ट ऐका. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना करून माणूस घरी निघाला, की त्याच्याबरोबर दोन देवदूत येतात, एक भला आणि एक वाईट. घरात दिवा लागलेला, पान मांडलेलं, अंथरूण नीट घातलेलं दिसलं, तर भला दूत म्हणतो, पुढच्या शब्बाथलाही, म्हणजे विश्रांतीच्या वारीही, असंच असो. वाईट दूताला मनात नसताना म्हणावं लागतं, आमेन. घर अस्ताव्यस्त असेल तर उलट: वाईट म्हणतो, पुढच्या वेळीही असंच असो, आणि भल्याला आमेन म्हणावाच लागतो. आमच्या वास्तूसारखाच प्रकार. तिलाही बऱ्यावाईटाची निवड नसते, जे कानावर पडेल त्याला तथास्तु.

एक फरक मात्र आहे. तथास्तु देणारा म्हणतो. देव प्रसन्न होतो, हात उंचावतो, तथास्तु म्हणतो आणि गोष्ट तिथेच संपते. आमेन म्हणणाऱ्याच्या हातात देण्यासारखं काही नसतं.

तरीही या शब्दावरून माणसं कोर्टात गेली. आमीन मनात म्हणायचा की मोठ्याने? हनफी पंथाचे लोक हळू म्हणतात. शाफी आणि हंबली मोठ्याने. एकोणिसाव्या शतकात बनारसच्या एका मशिदीत काही जणांनी मोठ्याने आमीन म्हटला आणि बाकीच्यांच्या तक्रारीवरून त्यांच्यावर धार्मिक जमावात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला, भारतीय दंड विधानाच्या २९६ कलमाखाली. शिक्षाही झाली. १८८५ साली प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात आलं. न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी सहकारी न्यायाधीशांहून वेगळं, लांबलचक मत लिहिलं. मूळ अरबी आधार धुंडाळून त्यांनी दाखवलं, की मशीद सगळ्या मुसलमानांची असते आणि मोठ्याने म्हटलेला आमीन हा गुन्हा होऊ शकत नाही. तसलीच भांडणं पुढे थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. परकी न्यायाधीश सातासमुद्रापार बसून एका शब्दाच्या आवाजाची पट्टी ठरवत होते.

आवाजाचंच निघालं म्हणून सांगतो. संगीतकार हेंडेलच्या ‘मसाया’ या रचनेचा शेवटचा कोरस, जो १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा गायला गेला, तो सगळाच्या सगळा आमेन या एका शब्दावर बांधलेला आहे. ख्यालात एकाच अक्षरावर आलापी ऐकणाऱ्या कानाला ते लगेच आपलंसं वाटेल. आणि १९६९ साली विन्स्टन्स या अमेरिकन बँडने ‘आमेन, ब्रदर’ नावाचं एक वाद्यगीत वाजवलं. त्यात मध्येच ड्रमवाला ग्रेगरी कोलमन एकटा वाजवतो, चार आवर्तनं, जेमतेम सहा-सात सेकंद. तो तुकडा कापून, ताणून, उलटसुलट करून पुढच्या पिढ्यांनी हजारो गाण्यांखाली घातला. कोलमनला त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत. जगातल्या तरुणांनी नाचताना ज्या तालावर मान हलवली, त्या तालाचं नाव आमेन.

हा शब्द आपल्या किनाऱ्यावर मात्र ख्रिस्ती आणि मुसलमानांच्याच तोंडून आला असं नाही. मूळ मालकही इथेच होते. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून, दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे केहीमकर. घरची भाषा मराठी. मुंबईत त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं, त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. पुण्याच्या सिनेगॉगला ‘लाल देऊळ’ म्हणतात. प्रार्थनेच्या जागेला मराठी माणसाने जे हाती लागलं ते नाव दिलं, पण आतला आमेन हिब्रूच राहिला.

१९४८नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे मराठी बोलणारी घरं आहेत, इथे कोकणात इमारती. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग आहे, रेवदंड्याचं आहे, पेणचं आहे. आता अडचण कुठे येते पाहा. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांनी कद्दिश म्हणायचं असतं. अरमाईक भाषेतली ही प्रार्थना. मरणाबद्दल तिच्यात एक अक्षर नाही, देवाच्या नावाची थोरवी तेवढी आहे. म्हणणारा दर थोड्या वेळाने थांबतो आणि जमलेल्यांना सांगतो, ‘म्हणा आमेन.’ आमेन आला तरच पुढे जायचं. म्हणून कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेप्रमाणे किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. दुःख एकाचं, पण प्रार्थना व्हायला ती उचलून धरणारे नऊ जण बाहेरचे.

ते दहा भरले का, हे बोटाने एक, दोन, तीन असं मोजत नाहीत. माणसांना आकडे लावणं अशुभ मानतात. त्याऐवजी स्तोत्रातलं बरोबर दहा शब्दांचं एक वचन घ्यायचं आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं. दहावा शब्द कोणाच्या तरी वाट्याला आला, की सुरू करायचं. आठच माणसं असली तर मोजणी आठव्या शब्दावर थांबते. तो शब्द उचलून घेण्याचा आहे: ‘त्यांना वाहून ने.’ मग पुस्तकं मांडीवर उघडी ठेवून आठ जण दाराकडे पाहत बसतात, बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज येतो का ते ऐकत.